पाचवं कारण

गीझरचा करंट लागून कुणी गेलं की भेटायला आलेल्यांपैकी एक तरी म्हणतोच, "वेळ आली होती, कोण काय करणार!" शोकात बुडालेल्या घराला त्या शब्दांचा आधार वाटतो, म्हणून तिथे मी गप्प राहतो. पण वारकरी घरात वाढलो आणि वायरमनकीत डोंबिवली, कल्याण, ठाणे पालथं घातलं. त्यामुळे प्रश्न पाठ सोडत नाही: बाथरूममधलं मरण खरंच लिहून ठेवलेलं असतं का?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव आहेच, पण ते पाचवं. आधीच्या चारांचा हिशेब न करता थेट पाचव्याकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

माझ्या धंद्यापुरता तो हिशेब मी असा मांडतो. अधिष्ठान म्हणजे जागा: ओली फरशी, अनवाणी पाय, भिजलेलं अंग. ओल्या कातडीचा रोध घटतो. अंगाचा रोध हजार ओहम धरला तरी २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर करंट वाहतो. हृदयाचा ठोका बिघडायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. करण म्हणजे साधनं. एमसीबी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण गीझरचा १६ अँपिअरचा एमसीबी या करंटच्या जवळजवळ सत्तरपटीवर बेतलेला असतो. तो वायर जळू नये म्हणून. माणसासाठी असतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो अखंड पाहत असतो. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. कर्ता म्हणजे मालक, सोसायटी आणि मी. चेष्टा म्हणजे वेळेवर केलेली तपासणी.

ही चार कारणं कशी निसटतात, ते जुन्या इमारतींत दिसतं. अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. पुढे पाइप सडले, सोसायटीने प्लास्टिकचे टाकले. प्लंबरचं काम चोख झालं, पाणी जोरात येऊ लागलं आणि त्याच दिवशी त्या घरांचं अर्थिंग गेलं. कुणाला पत्ताच नाही, कारण दिवे लागतात, पाणी तापतं. मग कधीतरी गीझरची कॉइल फुटते आणि जमिनीत जायची वाट नसलेला करंट टाकीच्या पत्र्यात आणि तोटीत येऊन थांबतो. त्या तोटीला ओला हात लागला, तर त्याला दैव म्हणायचं?

आमच्या भजनी मंडळातल्या एका बुवांनी विचारलं होतं, "एवढं करूनही जायचा तो जातोच ना?" जातो. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर गेला तेवढा करंट परत येतो आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. माणसाने केलेल्या प्रत्येक संरक्षणाला अशी एक फट राहते. त्या फटीत मी दैव मानतो, हात जोडून मानतो. पण आळसाने ती फट रुंद करायची आणि वर देवाचं नाव घ्यायचं, ही भक्ती मला मान्य नाही. विठ्ठलावर भार टाकायचा तो केलेल्या कामाचा. न केलेल्या कामाचा ठपका त्याच्या माथी मारणं हे पाप आहे.

या कामाचं फळ दिसत नाही, म्हणून ते टळतं. कॉइल गळते, करंट अर्थिंगच्या हिरव्या वायरीतून जमिनीत जातो, आरसीसीबी पडतो. घरातल्यांना एवढंच कळतं की लाइट गेली. "सारखा पडतोय, काढून टाका," असंही मला सांगतात. आपण आज वाचलो, हे त्यांच्या गावीही नसतं. फळाची आशा सोडून कर्म करावं हे कीर्तनात खूप ऐकलं, पण भिंतीत पुरलेलं अर्थिंग करताना ते मला हाताला लागलं. त्याचा लाभ ज्याला होणार तो पुढचा भाडेकरू असेल, अनवाणी पायांनी बाथरूम घासणाऱ्या मावशी असतील. त्यांना माझं नाव कळायची गरजही नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम आहेत, पण भिंतीआड नियमाचा डोळा पोचत नाही, तिथे धर्म पोचला पाहिजे. अर्थिंग मोजून घ्या. गीझरबरोबर एक्झॉस्ट फॅन आणि आरशावरच्या दिव्याची लाइनही आरसीसीबीखाली आणा. सॉकेट शॉवरपासून लांब ठेवा, गीझरचा स्विच दाराबाहेर घ्या. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर त्याच दिवशी बदला. एवढं झालं की पाचव्या कारणाचं काय ते पांडुरंग बघेल. पहिली चार मात्र त्याच्याकडे ढकलता येणार नाहीत.