थापी हातात, परवाना दुसऱ्याच्या नावावर

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला करार १९५५ सालचा. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो त्या वेळी मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. दुर्गकडचा गवंडी नागपुरात कामाला आला, तर तो आपल्याच राज्याच्या राजधानीत यायचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग-भिलाई मध्य प्रदेशात राहिले. गवंड्याची गाडी तीच, वाट तीच, हातातली थापी आणि ओळंबाही तेच. पण एका रात्रीत तो परराज्यातला मजूर झाला.

माणूस परका ठरतो तो अंतराने नाही, कागदाने. आणि बांधकामातल्या कारागिराच्या बाबतीत हा कागद नेहमी एकच प्रश्न विचारतो : तुझा मालक कोण?

या प्रश्नाला अनेक मिस्त्रींकडे उत्तरच नसते. नागपूरच्या ठिय्यावर किंवा छत्तीसगडातल्या चावडीवर सकाळी कामाच्या शोधात उभ्या राहणाऱ्या माणसांत रोजावर जाणारे बिगारी असतात, रेजा म्हणजे मजूर बायका असतात, आणि त्यांच्यातच स्वतःच्या हिमतीवर काम घेणारा मिस्त्रीही असतो. तो भिंत पाहतो, फुटाचा दर ठरवतो, उचल घेतो, दोन माणसे जोडीला आणतो आणि काम संपले की हिशोब करून मोकळा होतो. तो कुणाचा नोकर नाही आणि ज्याला ठेकेदार म्हणावे एवढे भांडवलही त्याच्याकडे नाही. आपल्या गावात हे सहज चालते, कारण तिथे त्याची ओळख हीच त्याची सनद असते. गाव सोडले की ही सनद संपते.

आपल्या कायद्यानेही त्याला कधी नीट ओळखले नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांपुरता होता. स्वतःहून गाडीत बसून आलेला त्यात बसत नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत लाखो माणसे पायी निघाली तेव्हा ही फट साऱ्या देशाला दिसली. त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या कामगार संहितेत स्वतःहून आलेल्यालाही स्थलांतरित कामगार मानले गेले, पण परराज्यात कुणाच्या तरी आस्थापनेत तो नोकरीला लागला असेल तरच. प्रश्न पुन्हा मालकावर येऊन थांबला.

मग हाच मिस्त्री आखातात जातो. दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर ‘ईसीआर’, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, असा शेरा असतो. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन यांच्यासह १८ देशांत नोकरीला जायचे तर त्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली मंजुरी घ्यावी लागते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात. प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाखांचे संरक्षण मिळते. ही व्यवस्था चांगली आहे; ती वापरलीच पाहिजे. पण ती नोकरीसाठी आहे. परदेशी मालक आणि त्याचा करार, या दोन खांबांवर ती उभी आहे.

म्हणूनच ‘आझाद व्हिसा’ नावाचा माल विकला जातो. कागदावर एक मालक असतो, प्रत्यक्षात तो काम देत नाही. पैसे घेऊन नुसते नाव देतो. एजंट सांगतो, तिकडे हवे तिथे काम कर. आपल्या मिस्त्रीला हे गावासारखेच वाटते, आणि घात होतो तो इथेच. सौदी कामगार कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार मालकाने आपल्या कामगाराला दुसऱ्याकडे किंवा स्वतःच्या हिशोबावर काम करू देणे हा गुन्हा आहे. टाइल बसवून झाल्यावर घरमालकाने पैसे बुडवले, तर दाद मागायची कुठे? तक्रार करायला गेलेला माणूसच बेकायदा ठरतो. कागदावरच्या मालकाने तो पळून गेला असे कळवले, तर अटक आणि हद्दपारी. आझाद व्हिसा हा शब्दच खोटा आहे आणि तो विकणाऱ्यावर कारवाई व्हायला हवी.

एका देशाने मात्र वेगळे करून पाहिले. बहरीनने २०१७ मध्ये ‘फ्लेक्सी परमिट’ सुरू केले. ज्याचा परवाना मालकाने रद्द केला किंवा संपू दिला, अशा परदेशी कामगाराला स्वतःच स्वतःचा प्रायोजक होऊन दोन वर्षे काम करण्याची मुभा मिळाली. आज प्लास्टर, उद्या रंगकाम. एका वेळी एकाहून अधिक ठिकाणी, कायदेशीर. पण सुरुवातीचे शुल्क भरावे लागे आणि वर दरमहा ३० दिनार; मालकाने उचलायचा खर्च मजुराच्या खिशातून जाऊ लागला. पळून गेल्याची नोंद झालेल्यांना, म्हणजे ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांना, ते मिळत नव्हते. २०२२ मध्ये ते बंद करून नवी नोंदणी पद्धत आणली गेली. तरीही दिशा बरोबर होती. चूक होती ती किमतीत.

युरोपात वेगळा पेच आहे. ब्रिटनमध्ये स्वतंत्र गवंडी ही जुनी, मान्य गोष्ट. तिथे ठेकेदार अशा कारागिराच्या मजुरीतून करापोटी २० टक्के कापून सरकारजमा करतो, नोंदणी नसेल तर ३०. पण कुशल कामगाराच्या व्हिसावर गेलेल्याने पुरस्कर्त्या कंपनीची नोकरी सोडून असा स्वतंत्र धंदा करायचा नाही. गंमत म्हणजे आश्रित म्हणून सोबत गेलेल्या जोडीदाराला तो करता येतो. जर्मनीत प्रश्न हुनराच्या दाखल्याचा आहे. फरशी बसवण्याच्या धंद्याला २००४ मध्ये तिथे, स्वतःचा धंदा चालवायला लागणाऱ्या उस्ताद-परीक्षेच्या सक्तीतून वगळले होते, २०२० मध्ये ती सक्ती परत आली. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यातून जाणाऱ्या तरुणाने नोकरी आणि स्वतःचा धंदा यांतला हा फरक भाषेच्या पहिल्या धड्याबरोबरच शिकावा.

भिलाईने परदेशी कारागीर पाहिलेले आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा सोव्हिएत तंत्रज्ञ इथे राहत होते आणि त्यांच्या मागे दोन सरकारे उभी होती. कागद नसलेल्या मजुराचे काय होते तेही भिलाईने पाहिले. कंत्राटी कामगारांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी इथेच खून झाला. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन १६ जण गेले. कारखान्याच्या हजेरीपटावर आपले नाव असावे, हे त्या लढ्याचे मोठे मागणे होते. स्वतंत्र मिस्त्रीचे मागणे वेगळे आहे. नाव त्यालाही हवे, पण दुसऱ्याच्या पटावर नव्हे, स्वतःच्या परवान्यावर.

असा परवाना उद्या मिळणार नाही. पण त्याच्याकडे जायचे तर हुनराचा पुरावा लागतो आणि तो इथूनच सुरू होतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. परदेशी मालकही अनुभवाचा कागद मागतो. या दिवाळीपूर्वी ज्यांनी घराला प्लास्टर करून घेतले, फरशी बदलली, गच्चीची गळती काढली, त्यांनी मिस्त्रीला मजुरीसोबत एक कागदही द्यावा : त्याचे पूर्ण नाव, कोणते काम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि खाली आपली सही.