राधेने कधी हिशोब मांडला नाही



आजचं वाचन उद्योगपर्वातलं. शिष्टाई फसली आहे, युद्ध आता टळत नाही. हस्तिनापूर सोडताना श्रीकृष्ण कर्णाला आपल्या रथात बसवून घेतात आणि त्याच्या जन्माचं सत्य सांगतात. तू कुंतीचा मुलगा, म्हणजे पांडवांत थोरला. चल माझ्याबरोबर, राज्य तुझं आहे.

कर्णाचं उत्तर आपण बहुतेक वेळा 'दुर्योधनाची मैत्री' एवढ्यावर संपवतो. मीही तसंच समजत होतो. पण मूळ प्रसंग सावकाश वाचला तर कर्ण दुर्योधनाच्या आधी राधेबद्दल बोलतो. मला पाहताच मायेने तिला पान्हा फुटला, असं तो सांगतो. पुढे म्हणतो, तिने माझं मलमूत्र काढलं. आता तिच्या पिंडाचा लोप मी कसा करू? अधिरथाने माझे संस्कार केले, नाव ठेवलं, लग्नं लावून दिली. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे नातं मला मोडता येणार नाही.

एक महावीर, साक्षात भगवंतासमोर, राज्य नाकारताना आईने काढलेल्या शी-शूची आठवण काढतो! या ओळीपाशी मी या आठवड्यात तीन दिवस अडकलो आहे. कारण आमच्या घरात सध्या हाच विषय चालू आहे.

माझी ताई आणि भाऊजी अमेरिकेत असतात. दोघं तिथलेच नागरिक. पुढच्या महिन्यात ते इकडे येताहेत, विदर्भातल्या एका संस्थेतून साडेपाच वर्षांच्या एका मुलीला दत्तक घ्यायला. मुलीचं नाव-गाव इथे लिहिणार नाही, ती गोष्ट तिची आहे. आई-बाबा अकोल्याला, मी अमरावतीहून घरूनच काम करतो, त्यामुळे इकडची धावपळ माझ्याकडे. नागपूरच्या विमानतळावरून आणायचं, संस्थेत सोबत जायचं, कागदांच्या प्रती काढायच्या. मामा होण्याची तयारी म्हणा ना.

ही प्रक्रिया किती लांब असते, याची मला कल्पना नव्हती. दिल्लीची 'कारा' ही केंद्रीय संस्था, तिकडची मान्यताप्राप्त संस्था, घरी येऊन केलेला गृहअध्ययन अहवाल, पालकांचं प्रशिक्षण, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश (सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात), मग पासपोर्ट, मग व्हिसा. घरी गेल्यावरही दोन वर्षं अहवाल पाठवायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, "एवढं तर आमच्या प्रॉडक्शन रिलीजलाही तपासत नाहीत." ताई म्हणाली, "बरं आहे की. पोरगी आहे ती."

तिचं बरोबर होतं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली गैरप्रकार होतात, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली, आणि १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात न्यायालयाने सविस्तर नियम घालून दिले. १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. या सगळ्यामागे एक क्रम आहे. मूल आधी त्याच्या स्वतःच्या कुटुंबात राहावं. ते शक्य नसेल तर देशातल्या कुटुंबात. तेही नाही जमलं, तर परदेशात.

हा क्रम वाचून मला बरं वाटायच्या ऐवजी लाज वाटली. परदेशी जाणारी पुष्कळ मुलं थोडी मोठी झालेली किंवा विशेष गरजा असलेली असतात. इथल्या बहुतेक पालकांना तान्हं आणि निरोगी बाळ हवं असतं. आमच्या या मुलीला एका कानाने ऐकू येत नाही. तेवढ्यासाठी एवढ्या मोठ्या देशात तिला घर सापडलं नाही.

आणि तरीही मी काय केलं? फोटो आला त्या रात्री घरच्या ग्रुपवर लिहिलं, "पोरीचं नशीब उघडलं!" खाली हात जोडलेले, फुलं, 'पुण्याचं काम', 'देवमाणसं आहात'. पंधरा मिनिटांत ताईचा फोन.

"तिच्या नशिबात आधी काय काय झालंय ते मोज, मग 'उघडलं' म्हण. आणि एक सांगू? ती पंधरा वर्षांची होईल, माझ्याशी भांडेल, दार आपटेल. तेव्हा तुम्ही सगळे तिला हेच सुनावाल, की तुला आणलं नसतं तर कुठे असतीस."

मी गप्प. कारण खरंच, आम्ही सुनावलं असतं.

इथेच मला कर्णाची ती ओळ उघडली. राधेने त्याला नदीतून वाचवलं, ही गोष्ट कर्ण फार रंगवत नाही. त्याला आठवतं ते वाचवल्यानंतरचं रोजचं काम. वाचवणं एका दिवसाचं असतं. त्यात वाचवणारा मोठा आणि वाचलेला कायमचा देणेकरी होतो. मलमूत्र काढणं वर्षानुवर्षांचं असतं, त्याचा कुणी हिशोब ठेवत नाही, आणि ते करणारा आपोआप खाली वाकतो.

कुणी म्हणेल, पण कर्णाने तर उपकार मानलेच की! मानले. पण बघा, राधा त्या प्रसंगात हजरसुद्धा नाही. 'माझ्या दुधाची आठवण ठेव' असं सांगायला ती आलेली नाही. कर्ण आपण होऊन बोलतो, म्हणूनच त्या बोलण्याला किंमत आहे. गीतेतला फळाची आशा सोडण्याचा उपदेश आपण परीक्षेच्या निकालाला लावतो, प्रमोशनला लावतो. मुलाच्या कृतज्ञतेला लावून बघितलाय कधी? जन्म दिलेल्या असो की दत्तक, आपण आई-बाप म्हणून किती वेळा 'तुझ्यासाठी मी काय काय केलं' हे बिल पुढे करतो?

मग कुंतीचं काय? तीही पुढे नदीकाठी कर्णाला भेटते. तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण ती तेव्हा कुमारिका होती, घाबरलेली होती. आणि कर्ण तिला रागाने बोलतो खरा, तरी रिकाम्या हाती पाठवत नाही. अर्जुन सोडून बाकीच्या चौघांना मारणार नाही, तुझे पाच मुलगे पाचच राहतील, असं वचन देतो. राधेला न सोडता त्याने कुंतीलाही जागा दिली. एका माणसाच्या मनात दोन आया मावल्या.

आपल्या अमरावतीच्या मातीतले गाडगेबाबा. त्यांच्या कीर्तनातला गजर इथल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. त्यात देवाची दोन नावं शेजारी शेजारी येतात. एक सांगतं तो देवकीच्या पोटचा. दुसरं गोकुळातल्या गायींचं, म्हणजे यशोदेच्या घरचं. जन्म एकीकडे, वाढ दुसरीकडे, आणि लोक दोन्ही नावं एका दमात घेतात. कुणी म्हणत नाही की यशोदेचा मान राखायचा तर देवकीचं नाव पुसा.

ताईची खरी तयारी मला इथे दिसते. तिने मुलीचं नाव बदललेलं नाही. अमेरिकेतल्या एका ओळखीच्या बाईंनी छान छान नावं सुचवली होती. ताई म्हणाली, "तिच्याकडे स्वतःचं असं एवढंच तर आहे, तेही काढून घेऊ?" एका वहीत ती सगळं लिहून ठेवतेय. संस्थेचं गाव, तिथल्या मावशी काय भरवतात, कोणती मैत्रीण शेजारी झोपते, आणि जन्मदात्या आईबद्दल जेवढं समजतं तेवढं, एकही वाईट शब्द न लावता. मोठी झाल्यावर मुलीने विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून. माझ्या भाषेत सांगायचं तर जुन्या फाइलवर नवी फाइल चढवायची नाही.

आणखी एक गोष्ट. पहिल्या व्हिडिओ कॉलवर ताई अगदी शुद्ध मराठीत बोलली, "तुला काय आवडतं, बाळा?" पोरगी खाली मान घालून बसली. ताई कॉलेजला पुण्याला गेली तेव्हा तिच्या बोलण्याला मुली हसायच्या, म्हणून तिने आपली वऱ्हाडी सोडून दिली होती. दुसऱ्या कॉलला तिने विचारलं, "जेवली काय वं?" पोरीने झटकन वर पाहिलं. "हो. तुमच्या घरी कुत्रं हाय काय?" तेव्हापासून ताई रोज आईला फोन करून बोलायचा सराव करते. अठरा वर्षांपूर्वी टाकून दिलेली भाषा या मुलीसाठी परत शिकतेय.

तरीही प्रश्न उरतो. तिला एवढ्या लांब न्यावं का? मला पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. बेवारस, अपंग मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं, मुलींची लग्नं लावली. अठरा वर्षांनंतर बालगृह सोडायचा नियम आहे, मग ही मुलं जातील कुठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले. अशी घरं गावोगावी असती, आपल्यातल्या दहा जणांनी 'एका कानाने ऐकू येत नाही, चालेल' म्हटलं असतं, तर ही मुलगी इथेच वऱ्हाडी बोलत वाढली असती. ती जाते यात ताईचा मोठेपणा कमी आणि आपली उणीव जास्त आहे. हे मान्य करूनच मला त्या दिवशी सोबत जायचं आहे.

आणि शेवटी तिची इच्छा. कायदाही सांगतो की मुलाचं वय आणि समज बघून त्याची इच्छा विचारात घ्यावी. आपले गुलाबराव महाराज आठवा, माधानचे. तान्हेपणीच दृष्टी गेली, आई लहानपणी गेली. त्यांनी ज्ञानेश्वर माउलींना बाप मानलं आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेतलं. म्हणजे लेकरूही आई-बाप दत्तक घेतं! त्याला वेळ लागतो. कदाचित आमची पोरगी ताईला वर्षभर 'आई' म्हणणार नाही. ताई म्हणते, "नाही म्हटलं तरी डबा भरायचाच आहे ना."

आजी सुरुवातीला कुरकुरत होती. "दुसऱ्याचं पोट्टं, अन् नेता इतक्या लांब, कायले बाप्पा?" कुणी तिला समजवायला गेलं नाही. गेल्या रविवारी अकोल्याला गेलो तर ती ओसरीवर जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसली होती. मी विचारलं, कुणासाठी? मान वर न करता म्हणाली, "तिकडं थंडी असते म्हनतात."

आजचा संकल्प: ज्याच्यासाठी आपण काही केलं, अशा एका माणसाची आठवण काढू या. त्याच्या नावापुढची उधारी मनातल्या मनात खोडून टाकू या. आणि आज त्याचं एखादं साधं काम, न सांगता, करू या.

राम कृष्ण हरी.