तुळशीवरची कीड आणि आपली भूतदया

संतसज्जनहो, गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपले, आरती झाली, तो एक वृद्ध माउली पुढे आली. म्हणाली, "बुवा, भूतदया सांगितलीत, गोड वाटली. पण माझ्या वृंदावनातल्या तुळशीला मावा पडलाय. तो मारू, की तुळस मरू देऊ?" मला चटकन उत्तर सुचेना. त्या प्रश्नाने माझेच एक जुने पाप वर आले होते.

काही वर्षांमागे माझ्या अंगणात हेच घडले. कोवळ्या शेंड्यांवर मावा, पाने आकसून चिकट झालेली. मी बाजारातून विषारी औषध आणले आणि फवारले. चार दिवस तुळस निर्मळ दिसली. पण माव्याबरोबर मावा खाऊन जगणारे तांबडे, ठिपक्यांचे ढालकिडेही मेले. महिन्याभरात मावा दुपटीने परतला आणि त्याला खाणारे कोणी उरले नव्हते. शिवाय ते दल ना देवाला वाहता येई, ना तीर्थात टाकता येई. जिच्यासाठी हिंसा केली, तिलाच विटाळून बसलो! विषाला कीड कोण आणि माणूस कोण, हे कळत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधेने कित्येक शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही.

मग काय, हात जोडून बसावे? शास्त्र तसे म्हणत नाही. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर, या पाच ठिकाणी गृहस्थाकडून नित्य जीवहत्या होते, असे मनुस्मृती सांगते; आणि तो दोष फिटावा म्हणून पंचमहायज्ञ लावून देते. म्हणजे संसारी माणसाचा हात सर्वस्वी कोरा नाहीच. पण 'होतेच आहे, तर खुशाल करा' असा त्याचा अर्थ काढणे ही लबाडी झाली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे विवरण केले आहे. तिथला अहिंसक चालायचे थांबत नाही. जीव दुखावेल म्हणून पाऊल जपून टाकतो. अहिंसा म्हणजे ते जपणे.

म्हणून 'मारू की नको' हा प्रश्न उशिराचा. कीड वाढलीच का, हा पहिला. भक्तीच्या भरात दिवसातून चारदा पाणी घालतो, वृंदावनाला खाली भोक नसते, मुळे कुजतात. खताचा मारा केला की पालवी फार कोवळी फुटते आणि मावा तिच्यावरच येतो. मंजिऱ्या वेळेवर खुडाव्यात, ऊन-वारा मिळू द्यावा, पाणी सकाळी बुडाशी घालावे. प्रदक्षिणा घालताना एखादे पान उलटून बघावे; मावा तिथेच दडतो. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली, तर समजावे की माव्याचा गोड स्राव त्यांना बोलावतो आहे.

एवढे करूनही कीड आली, तर आधी पाण्याच्या धारेने धुवावी, किडका शेंडा खुडावा. त्याने भागले नाही तर ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून चिमूटभर साबण घालावा आणि सायंकाळी शिंपडावे. निंबोळीने किडीची खाण्याची वासना जाते, कात टाकणे अडते. तीही हिंसाच, औषध म्हणून ती लपवू नये. तेवढे दिवस दल तोडू नये.

आणि प्रत्येक अळी वैरी नव्हे. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे फुलपाखरू होते. मोठ्या झाडाची चार पाने तिने खाल्ली, तर झाड मरत नाही. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहेच; आपण काकबळी काढतो, तसा हा तिचा वाटा समजावा.

त्या माउलीला मी एवढेच म्हणालो, "आई, आज औषध आणू नकोस. उद्या सकाळी पाणी घालताना तुळशीपाशी घटकाभर बस, पान न् पान बघ. मग जे करावे लागेल ते कर, आणि जेवढे लागेल तेवढेच कर."

रामकृष्ण हरी.