दुखण्यास साक्ष कोण ?

नैयायिकांनीं ज्ञानाचीं जीं चार प्रमाणें मानलीं आहेत त्यांत प्रत्यक्षाचा मान पहिला. डोळ्यांनीं पाहिलें, हातांनीं चाचपलें, म्हणजे वाद मिटला असें आपण व्यवहारांतहि धरून चालतों. परंतु जगांत अशी एक वस्तु आहे कीं, जिचें प्रत्यक्ष ज्ञान एकाच मनुष्यास होऊं शकतें आणि इतर सर्वांस तें त्याच्या शब्दावरूनच घ्यावें लागतें. ती वस्तु म्हणजे वेदना. माझ्या दाढेंतला ठणका कोणत्याहि शास्त्रज्ञास बाहेर काढून ताटलींत ठेवून पाहतां येणार नाहीं. दाढेच्या बाबतींत यामुळें फारसें अडत नाहीं. कारण किडलेली दाढ दिसते, आणि दाढदुखीचा अनुभव बहुतेकांस असतो. अडतें तें तेथें, जेथें दुखणें दिसत नाहीं, ऐकणाऱ्यांस त्याचा अनुभव नसतो, आणि सांगणारी बाई असते.

एंडोमेट्रिऑसिस नांवाचा विकार अशांपैकींच एक. गर्भाशयाच्या आंतील अस्तरासारख्या पेशी या विकारांत गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर, उदराच्या आंतील पडद्यावर, कधीं आंतड्यांवर वा मूत्राशयावर रुजतात. मासिक धर्माच्या चक्राबरोबर त्याहि फुगतात व पाझरतात. पण त्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते. तेथें दाह होतो, वण पडतात, आणि भोंवतालचीं इंद्रियें एकमेकांस चिकटूं लागतात. अमेरिकेंतील ऑल्बनी येथील जॉन सॅम्प्सन या शस्त्रवैद्यानें १९२७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, पाळीचें कांहीं रक्त गर्भनलिकांतून उलटें उदरांत उतरतें आणि त्याबरोबर या पेशी तेथें जातात. एवढ्यानें सर्व कोडें उलगडत नाहीं. कारण रक्ताचें असें उलटें उतरणें पुष्कळ स्त्रियांत होतें आणि विकार थोड्यांसच जडतो. थोड्यांस म्हणजे तरी किती ? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रजननक्षम वयांतील दर शंभरांत सुमारें १०, सर्व जगांत सुमारें १९ कोटी. एवढ्यांच्या दुखण्याचें नांव सुशिक्षित घरांतहि पहिल्यानें ऐकूं येतें तें कित्येक वर्षांनीं, हें कसें ?

याचें उत्तर आपल्या माजघरांत शोधावें लागेल. मुलगी पाळीच्या वेळीं पोट धरून पडली तर तिला सांगण्यांत येतें, बायकांच्या जन्माला हें असायचेंच. ती ऐकते, कारण सांगणारी आई असते आणि आईहि तसेंच सोशीत आलेली असते. पुढें, लग्न झालें कीं थांबेल. मग, एक मूल झालें कीं थांबेल. (मूल होणें हेंच या विकारांत अनेकींस कठीण जातें, हा त्या आश्वासनांतील क्रूर विनोद आश्वासन देणाऱ्यांच्या ध्यानीं येत नाहीं.) बाहेर बसण्याच्या चालीमुळें बायकांस तीन दिवस विसांवा मिळे, असें समर्थन अद्यापहि कोणी करतात. विसांवा मिळत असेलहि. परंतु कोपऱ्यांतल्या घोंगडीवर बसलेल्या बाईस जसें शिवावयाचें नाहीं, तसें तिच्या दुखण्यासहि कोणीं शिवावयाचें नाहीं, हा धडा घराघरांत त्याच चालीनें घालून दिला.

आपलाच समाज तेवढा दोषी असें मात्र नव्हे. इंग्रज कादंबरीकार हिलरी मँटेल यांनीं २००३ सालच्या आपल्या आत्मकथनांत लिहून ठेवलें आहे कीं, तरुणपणीं त्या दुखणें घेऊन वैद्यांकडे गेल्या, तेव्हां रोग मनाचा ठरवून त्यांस मनोविकाराचीं औषधें देण्यांत आलीं. पुढें बोट्स्वानांत राहत असतां एका वैद्यकीय ग्रंथांत स्वतःचीं लक्षणें वाचून त्यांनीं आपलें निदान आपणच केलें, आणि वयाच्या २७ व्या वर्षीं लंडनमध्यें शस्त्रक्रिया झाली तेव्हां तें खरें ठरलें. गर्भाशय व बीजकोश काढावे लागले. दुखण्यानें तरीहि पाठ सोडली नाहीं.

त्या वैद्यांची चूक तर्काची होती, आणि ती आपल्याकडील मीमांसकांनीं फार पूर्वीं ओळखलेली आहे. वस्तु दिसली नाहीं एवढ्यावरून ती नाहीं असें ठरत नाहीं. ती असती तर दिसलीच असती अशी परिस्थिति असेल तरच न दिसणें हें नसण्याचें प्रमाण होतें. अंधाऱ्या खोलींत घागर दिसली नाहीं म्हणून घागर नाहीं असें म्हणणारास आपण हंसूं. उदराच्या पडद्यावरील वरवरचे ठिपके सोनोग्राफींत बहुधा दिसत नाहींत. मग ‘रिपोर्ट साफ आहे’ याचा अर्थ ‘बाई ठणठणीत आहे’ असा कसा होईल? २०२२ सालच्या युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेंतहि, प्रतिमा निर्दोष आली म्हणून विकार नाहीं असें समजूं नये, असें बजावलें आहे. शिवाय विकाराचा पसारा आणि वेदना यांचें मान नीटसें जुळतहि नाहीं. चार ठिपक्यांनीं एखादी अंथरुणास खिळते, तर एखादीच्या उदरांत सर्व जखडलेलें असूनहि तिला फारसा त्रास नसतो.

तेव्हां शेवटीं राहतो तो शब्द. ज्यास वस्तूचें साक्षात् ज्ञान आहे आणि जें जसें कळलें तें तसें सांगण्याची इच्छा आहे तो आप्त, असें वात्स्यायन आपल्या न्यायभाष्यांत म्हणतो, आणि ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांस हें लक्षण सारखेंच लावतो. या यादींत बायकांचें नांव नाहीं. पण लक्षण त्यांस लागू होण्यास कांहीं अडचण दिसत नाहीं. कोणी म्हणेल, दुखण्याचें सोंगहि आणतां येतें. येतें, परंतु सोंग आणणारी बाई पुन्हां पुन्हां पोट कापून घेण्यास तयार होत नाहीं.

पोट कापण्याचा प्रश्न मात्र याहून बिकट आहे. उदराच्या पडद्यास इजा झाली कीं तेथें प्रथम फायब्रिन या द्रव्याचें चिकट जाळें धरतें. शरीर तें बहुधा थोड्या दिवसांत विरघळवून टाकतें. न विरघळलें तर त्याचे घट्ट तंतु बनतात, आणि आंतडें, बीजकोश, गर्भाशय हीं एकमेकांस बांधलीं जातात. शस्त्रक्रिया हीहि इजाच असल्यामुळें, चिकटलेलें सोडविण्याचा उपायच नव्या चिकटण्याचें कारण होऊं शकतो. नेदरलंड्समध्यें जुनाट पोटदुखीच्या १०० रोग्यांवर केलेला एक प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें निम्म्यांचें चिकटलेलें सोडविलें, बाकीच्यांत दुर्बिणीनें नुसतें पाहिलें, आणि कोणास काय केलें हें रोग्यांस कळूं दिलें नाहीं. वर्षभरानें दोन्ही गटांचें दुखणें कमी झालें होतें, आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. यावरून दुखणें मनाचेंच होतें असें अनुमान काढणारे निघतील. पण निघतें तें एवढेंच कीं, आलेला आराम सोडविण्यामुळेंच आला असें म्हणतां येत नाहीं. वेदना खरी आहे आणि उपायाची शाश्वती नाहीं, हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं सत्य असूं शकतात.

माझ्या वहिनींवर सोळा वर्षांत चार शस्त्रक्रिया झाल्या. पहिली विकारासाठीं, पुढच्या तिन्ही मुख्यतः चिकटलेलें सोडविण्यासाठीं. दर वेळीं घरच्यांनीं पैसा उभा केला, रजा काढल्या, रात्री जागून काढल्या. मग तिसऱ्या आठवड्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याचा प्रश्न ठरलेला : ‘काय, आतां बरं आहे ना ?’ या प्रश्नाच्या पोटांतच त्याचें उत्तर असतें, आणि वहिनी तेंच देत. खरें कां सांगत नाहीं असें एकदां विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, सगळ्यांनीं इतकं केलं. अजून दुखतंय म्हटलं, तर त्यांचं केलेलं मीच पाण्यांत घातलं असं होईल.’

नीतीचा खरा प्रश्न मला येथें दिसतो. सेवा करणाराचें ऋण रोग्यावर असतें हें मान्य. पण तें बरें होऊन फेडावयाचें काय? जें करणें आपल्या हातीं नाहीं तें कर्तव्य होऊं शकत नाहीं. रोग्याच्या हातीं असतें तें खरें सांगणें, आणि सेवा घेणारास नेमकी त्याचीच मुभा बहुधा नसते. ‘बरी आहे’ हें असत्य दयेपोटीं बोललेलें असलें तरी वैद्याचें अनुमान, घरचा हिशेब आणि पुढच्या शस्त्रक्रियेचा निर्णय हीं सर्व त्यावरच उभीं राहतात.

गेल्या वर्षीं पांचव्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली तेव्हां वहिनींनीं ती तूर्त नको म्हणून सांगितलें. औषधें चालू आहेत, व्यायाम चालू आहेत, दुखणें आहे. स्वयंपाकघरांत दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरावर मांडला जातो त्यावरच आज किती वेळ उभें राहवेल याचा आंकडा त्या सकाळीं मांडून ठेवतात. आमच्या मातोश्री चष्मा लावून तो वाचतात, आणि पोळ्या कोणीं लाटावयाच्या तें कोणास न विचारतां ठरवितात.