न घडलेला अपघात

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दुपारी आमच्या गल्लीतील मुले किल्ला बांधण्यात दंग होती. मातीचे घमेले घेऊन एक सात वर्षांचा पोरगा रस्ता ओलांडत असता एक मोटारसायकल भरधाव आली. घमेले एकीकडे पडले, पोरगा दुसरीकडे. नशीब म्हणून कोपर फुटण्यावरच निभावले. स्वार तरुण थांबला. पांढराफटक पडला होता बिचारा! लोकांची बोलणी त्याने खाली मान घालून ऐकली आणि तो निघून गेला.

रात्री गल्लीची बैठक भरली. गतिरोधकासाठी नगरपालिकेकडे अर्ज करावयाचे ठरले. मी मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा लेखणी माझ्याच हाती आली. मीही हात आखडता घेतला नाही. 'बेदरकार', 'माणुसकीला पारखा' अशी विशेषणे मी त्या तरुणाला बहाल केली. वाचून दाखवताच साऱ्यांनी माना डोलावल्या.

दिवाळीत कचेऱ्या बंद. सुटीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी अर्ज पिशवीत घालून मी निघालो, आणि नेमका उशीर झाला. हमरस्ता सोडून मी शेजारच्या आळीतून स्कूटर पिटाळली. एका वळणावर एक म्हातारी नातवाचा हात धरून उभी होती. तिने त्याला झटकन मागे ओढले. मी वीतभर अंतराने पुढे गेलो. मागून तिचे शब्द कानी आले, "जपून जा रे बाबा, घरी वाट बघत असतील!"

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या दुपारपर्यंत विसरलो असतो. पण मी तिच्या नातवाची काळजी केली नव्हती, आणि ती माझ्या घरच्यांची करीत होती.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तरी त्या दिवशी वर्गात मुलांना उदाहरण घालून मी मनाशी हिशेब मांडला. ती आळी असेल तीनशे मीटरची. ताशी २० किलोमीटरने ती ५४ सेकंदांत संपते, ताशी ४० ने २७ सेकंदांत. म्हणजे मी वाचवली २७ सेकंदे! आणि त्यांची किंमत? वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात ताशी ४० ने धावणारी गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते.

वाचकहो, प्रश्न पुढेच आहे. त्या तरुणाने केले आणि मी केले, ते एकच. त्याच्या वाटेत पोरगा आला. माझ्या वाटेतला पोरगा आजीने मागे ओढला. मग तो अपराधी आणि मी निर्दोष कसा? दुसऱ्याच्या सावधपणाचे पुण्य मी माझ्या खाती कसे मांडावे? दोष मोजायचा तो फुटलेल्या कोपरावरून, की फिरवलेल्या मुठीवरून?

कायदा याबाबत आपल्यापेक्षा शहाणा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कोणालाही इजा झाली नाही, तरी वेगमर्यादा मोडणे हाच गुन्हा आहे. आपण मात्र अपघात झाला तरच दचकतो. २०२२ साली आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूपाठीमागे अतिवेग होता, असे सरकारी अहवाल सांगतो. त्या वेगाने जाणारे सगळेच का राक्षस होते? बहुतेक माझ्यासारखेच असतील, उशीर झालेले! आदल्या दिवसापर्यंत त्यांच्याही हातून काही घडलेले नसेल.

नेदरलँड्समध्ये राहत्या वस्तीतील काही रस्ते १९७६ साली कायद्याने माणसांचे ठरवले गेले. तेथे मोटारीने पायी चालणाऱ्याच्या चालीने जायचे. आपल्याकडे गल्लीत किल्ले होतात, दारापुढे रांगोळी पडते, म्हातारी माणसे उन्हाला बसतात. गल्ली म्हणजे घराचेच अंगण. दुसऱ्याच्या अंगणातून कोणी धावत सुटतो का?

मी अर्ज त्या दिवशी दिला नाही. रात्री तो पुन्हा लिहिला. विशेषणे खोडली. 'बेदरकार तरुण' होते तेथे 'आम्ही वाहने चालवणारे' असे घातले. बैठकीत एकाने विचारले, "मास्तर, हे 'आम्ही' कशाला?" मी आळीतली हकीकत सांगितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकेकाने सही केली.

गतिरोधक हवाच, सद्बुद्धी दर सकाळी वेळेवर जागी होतेच असे नाही. पण तो येईल तेव्हा येईल. यंदाही मुलांनी माती आणली आहे. मी आता घरून पाच मिनिटे आधी निघतो. त्या आळीत म्हातारी दिसली की स्कूटर आणखी हळू करतो. तिला माझी ओळख नाही. ती नातवाचा हात मात्र घट्ट धरते, आणि तेच बरोबर आहे.