किंमत जुळली, रूप राहिले

आठवीच्या पुस्तकात बैजिक राशींचे अवयव आले की मागोमाग गुणोत्तरीय राशी येतात. भंडारा जिल्ह्यात पवनीची शाळा असो की तुमसरची, फळ्यावर हुकूम एकच: सरळ रूप द्या. समजा अंशात क्ष² − ९ आहे आणि छेदात क्ष² − ५क्ष + ६. अवयव पाडायचे, दोन्हीकडचा (क्ष − ३) उडवायचा, उरते (क्ष + ३)/(क्ष − २). सर बरोबरची खूण करून पुढची वही ओढतात.

हेच तपासणे संगणकाकडे दिले की पंचाईत होते. दोन राशींची किंमत सारखी आहे का, हे तो चुटकीसरशी सांगतो. पण पोराने प्रश्नच उत्तराच्या जागी उतरवला तरी किंमत सारखीच. घ्या पैकीच्या पैकी! ब्रिटनमध्ये ख्रिस सँग्विन यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टॅक’ या गणिताची उत्तरे तपासणाऱ्या संगणक प्रणालीने यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यामागची ‘मॅक्सिमा’ ही बीजगणित करणारी आज्ञावली क्ष + क्ष दिसले की लगेच २क्ष करून टाकते. म्हणून आधी तिचीच हुशारी आवरायची, मुलाने लिहिले ते जसेच्या तसे ठेवायचे, मगच कसोट्या लावायच्या. अंश-छेदात सामाईक अवयव उरला का, हे मसावि काढून कळते.

खरी अडचण पुढेच आहे. १/(१ − क्ष) सरळ की −१/(क्ष − १)? (क्ष¹⁰ − १)/(क्ष − १) ला संक्षेप दिला तर दहा पदांची रांग लागते. तिला सरळ म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय (क्ष − ३) उडवला की क्ष = ३ ला मूळ राशीला अर्थच नव्हता, हेही उडते. वर्गात हे सगळे सरांच्या नजरेवर भागते. यंत्राला मात्र आपल्याला काय हवे ते एकेक करून सांगावे लागते, आणि सांगायला बसले की प्रश्न किती मोघम होता ते दिसते.

चार पर्याय देऊन या मोघमपणातून सुटका करून घेणे सोपे. पण चलाख पोरगी क्ष = १ घालते, पहिल्या उदाहरणातल्या राशीची किंमत −४ काढते आणि −४ देणारा पर्याय निवडते. अवयव पाडलेच नाहीत. त्यापेक्षा तिला उत्तर टंकू द्यावे, कंसाचा त्रास झाला तरी. वहीतली आडवी रेघ कंसाचे काम करते. मोबाइलवर क्ष + ३/क्ष − २ लिहिले तर भागाकार एकट्या तीनलाच लागतो.