सात टॅब कोणासाठी?

मान वर कर आणि तो फोन इकडे दे. ओतूरच्या कांदा बाजारासाठी ॲप केलंस ना? मग खाली ही सात चित्रांची रांग कशाला? आयफोनच्या टॅब बारमध्ये पाचच मावतात, जास्त झाले की उरलेले ‘आणखी’च्या मागे जातात. अँड्रॉइडसाठीही गूगल तीन ते पाचच सांगतं. हे सगळं वर्गात शिकवलंय.

बरं, चित्रांखाली नावं कुठायत? तराजूचं चित्र म्हणजे आवक की हिशोब, हे तुझ्या वडिलांनी ओळखायचं कसं? जिथे नाव दिलंस, तिथेही एक ‘हिशोबप…’ इथेच तुटलंय. ‘पट्टी’ लिही की सरळ! बाजारात तोच शब्द चालतो. आणि ‘गोल्टी’ची वेलांटी वरून छाटली गेलीये, बघ. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळीची उंची धरली की हेच होणार.

गोळा, गोल्टी, बदला ही कांद्याची प्रत. ती खालच्या रांगेत आलीच कशी? तिची जागा भावाच्या पानात, वरच्या टॅबमध्ये. खाली तीनच हवेत: भाव, आवक, पट्टी. त्यात भावाचा तक्ता आडवा सरकतो आणि टॅबही बोटाने सरकवूनच बदलतो. तक्ता ओढायला गेलो की पानच पालटतं!

पण डोकं फिरलं ते पुढे. पट्टीत मी पिशव्या, वजन, दहा किलोचा भाव, हमाली, तोलाई सगळं भरलं. भाव ताडायला शेजारचा टॅब दाबला, परत आलो, तर पान कोरं! लिलाव चालू असताना भर उन्हात उभा राहिलेला माणूस हे पुन्हा भरत बसेल? ॲप काढून टाकेल आणि कागदावर हिशोब करेल. त्याचं काही चुकणार नाही. टॅब बदलला की तू पान मोडून नव्याने बांधतोस. फ्लटरमध्ये इंडेक्स्डस्टॅक कशासाठी आहे? त्यात सगळी पानं जिवंत राहतात, दिसतं फक्त एक. तेवढ्यावर थांबू नकोस. फोनने ॲप मध्येच बंद केलं तरी आकडे राहिले पाहिजेत, म्हणून ते भरताभरताच साठव.

तुझ्या घरी कांदा पिकतो. पट्टीत एक आकडा चुकला तर काय होतं, हे तुला मी सांगायचं? दुसऱ्या कुणाला एवढं बोललो नसतो, तुझ्याकडून अपेक्षा आहे म्हणून बोलतोय.

सोमवारी परत आण. मी पट्टी अर्धी भरीन, भाव बघीन, फोन बंद करून चालू करीन. आकडे जागेवर नसतील तर वर्गात बसायचं नाही.